मेंदूतील सांधे आणि ते जुळवणारी प्रथिने



वसंतातील व्याख्यानाला मेंदूतील प्रथिनांचा विषय म्हणजे ऐन उन्हाळ्यात पाहुण्याला घोंगडी पांघरायला देण्यासारखे आहे, असे कोणाला वाटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. तरीही आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे, आणि त्याचे कारण प्रारंभीच सांगून टाकणे बरे. आपल्या खालापूर-कर्जत भागात, डोंगरावरच्या वाडीत असो की खोपोलीतल्या कामगारांच्या चाळीत असो, एखादे मूल दोन-अडीच वर्षांचे होते, तरी हाकेला वळून पाहत नाही, आईच्या नजरेला नजर देत नाही, बोलत नाही. मग घरात आणि शेजारीपाजारी एक न्यायनिवाडा सुरू होतो. कोणी म्हणते बाहेरची बाधा, कोणी म्हणते ग्रहण पाळले नाही, कोणी म्हणते पोराकडे लक्षच दिले नाही. कारणे निरनिराळी, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली जाते ती बहुधा आईच. या खटल्यात विज्ञानाची साक्ष काय आहे, हे आज आपल्याला पाहायचे आहे. ती साक्ष समजून घ्यायची तर मेंदूतील एका अतिसूक्ष्म सांध्यापर्यंत जावे लागते. वाट थोडी लांबची आहे, पण अवघड नाही.

आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून खाली उतरले, त्यावर यंत्रे फिरली आणि त्यांची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत गेली. या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे अखंड तार. तार तुटली की गिरणी थांबली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक विद्वानांना मेंदूही असाच वाटत होता. मज्जापेशींच्या शाखा एकमेकींत मिसळून त्यांचे एकच सलग जाळे झाले आहे, असे इटलीतील गॉल्जी या शास्त्रज्ञाचे मत होते. मज्जापेशी चांदीच्या क्षाराने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट पाहण्याची युक्ती त्याचीच. पण तीच युक्ती वापरून स्पेनमधील काहाल याने उलटा निष्कर्ष काढला. तो म्हणाला की प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे. एकीची शाखा दुसरीच्या अगदी जवळ येते, पण तिच्यात मिसळून जात नाही. १९०६ साली या दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले, आणि त्या प्रसंगीच्या भाषणांतही दोघांनी परस्परविरोधी मते मांडली!

काहालचे म्हणणे खरे ठरले. १९५०नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ही फट प्रत्यक्ष दिसली. ती सुमारे २० नॅनोमीटर रुंद असते. म्हणजे एका मिलिमीटरचे ५०,००० भाग करावेत, त्यांतील एक भाग. या सांध्याला इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन याच्या पुढाकाराने १८९७ सालीच सिनॅप्स हे नाव मिळाले होते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घट्ट धरणे, कवळणे असा आहे. आपण त्याला साध्या मराठीत सांधा म्हणू.

आता या सांध्यावर काय घडते ते थोडक्यात सांगतो. विजेची लहर पहिल्या पेशीच्या टोकापर्यंत येते आणि तेथे थांबते. त्या टोकात रसायनाने भरलेल्या अतिसूक्ष्म थैल्या असतात. लहर आली की थैल्या फुटतात, रसायन फटीत पडते, पलीकडच्या पेशीवर ते झेलणारी प्रथिने असतात, आणि तेथून निरोप पुढे जातो. एका बाजूला थैल्या आणि बरोबर तिच्यासमोर झेलणारी प्रथिने अशी ही मांडणी आहे. आता विचार करा. मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत आणि एकेकीचे हजारो सांधे असतात. गर्भातल्या त्या अंधारात कोणत्या पेशीने कोणत्या पेशीला धरायचे, आणि धरल्यावर नेमकी समोरासमोर ही मांडणी कशी उभी करायची, हे कोण ठरवतो?

या प्रश्नाचा पहिला धागा मेंदूत न सापडता समुद्रातल्या स्पंजात सापडला. १९०७ साली अमेरिकेत विल्सन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून दाबून गाळला. आपल्याकडे चूर्ण वस्त्रगाळ करतात तसाच हा प्रकार. स्पंजाच्या पेशी सुट्या होऊन पाण्यात विखुरल्या. पण त्या मेल्या नाहीत. त्या हळूहळू एकमेकींकडे सरकल्या, चिकटल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज तयार झाला. दोन निराळ्या जातींचे स्पंज गाळून मिसळले, तर पेशी आपापल्या जातीच्या पेशी शोधून वेगवेगळे पुंजके करतात, हेही दिसून आले. पुढे १९५५ साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी बेडकासारख्या उभयचरांच्या गर्भातील पेशी सुट्या करून मिसळल्या, तेव्हा त्याही आपापल्या थराप्रमाणे वेगळ्या झाल्या. तात्पर्य, पेशीच्या पृष्ठभागावर काही तरी असे आहे की ज्यामुळे ती दुसरीला ओळखते आणि धरते. १९६३ साली रॉजर स्पेरी याने हाच विचार मज्जातंतूंना लावला. बेडकाच्या डोळ्याची नस कापली तरी ती पुन्हा वाढून मेंदूत आपल्या मूळ जागी जाऊन पोचते, असे त्याला प्रयोगांत दिसले होते. त्यावरून प्रत्येक तंतूवर रासायनिक ओळखीच्या खुणा असल्या पाहिजेत, असे त्याने मांडले.

त्या खुणा म्हणजे प्रथिने होत, हे हळूहळू उघड होत गेले. जपानमध्ये ताकेइची यांनी कॅल्शियम असेल तरच पेशींना धरून ठेवणारी प्रथिने शोधली. त्यांना कॅडहेरिन म्हणतात. अमेरिकेत एडलमन यांनी मज्जापेशींवरची दुसरी एक जात शोधली. अशा सर्व प्रथिनांना आसंजक प्रथिने, म्हणजे चिकटवणारी प्रथिने, असे म्हणतात. त्यांची रचना मोठी सोयीची असते. प्रथिनाचे एक टोक पेशीच्या बाहेर लोंबते आणि समोरच्या पेशीवरच्या जोडीदाराला धरते. मधला भाग पेशीच्या आवरणातून आरपार जातो. आणि दुसरे टोक पेशीच्या आत असते. त्यामुळे बाहेर हात मिळाला की आत वर्दी पोचते. हे आतले टोक आपण विसरता कामा नये. पुढची सारी कथा त्यावरच आहे.

सांध्यावरची सर्वांत प्रसिद्ध जोडी सापडली ती एका विषामुळे. काळी विधवा या नावाच्या कोळ्याचे विष मज्जातंतूच्या टोकातील सगळ्या थैल्या एकदम रिकाम्या करून टाकते. हे विष नेमके कोणाला जाऊन चिकटते, याचा शोध अमेरिकेत टेक्सासमधील डॅलस येथे थॉमस झ्यूडहोफ आणि त्यांचे सहकारी घेत होते. १९९२ साली त्यांना न्यूरेक्सिन हे प्रथिन सापडले. ते निरोप पाठवणाऱ्या पेशीच्या टोकावर असते. मग त्याचा जोडीदार कोण याचा शोध सुरू झाला, आणि १९९५ साली निरोप घेणाऱ्या पेशीवरचे न्यूरोलिजिन सापडले. न्यूरेक्सिनची जनुके तीनच, पण त्यांचे तुकडे निरनिराळ्या तऱ्हेने जोडून पेशी त्यांची हजारो रूपे बनवू शकते. न्यूरोलिजिनचेही प्रकार आहेत. एक प्रकार मुख्यतः निरोपाला चेतवणाऱ्या सांध्यांवर असतो, दुसरा आवर घालणाऱ्या सांध्यांवर. मेंदूला दोन्ही लागतात. नुसत्या चेतवणीने झटके येतील, नुसत्या आवराने निरोपच पुढे जाणार नाही.

यानंतरचा प्रयोग आम्हांला फार मोलाचा वाटतो. २००० साली पीटर शायफेले व सहकाऱ्यांनी मज्जापेशी नसलेल्या पेशी घेतल्या. त्या मूत्रपिंडापासून काढून प्रयोगशाळेत वाढवलेल्या होत्या. मेंदूशी त्यांचा काडीचा संबंध नाही. त्यांच्यात न्यूरोलिजिनचे जनुक घातले आणि त्यांच्याशेजारी खरे मज्जातंतू वाढू दिले. तंतू त्या परक्या पेशीवर येऊन टेकला आणि त्याच्या टोकात थैल्यांची सगळी सिद्धता होऊ लागली. जणू समोर मज्जापेशीच आहे! चार वर्षांनी उलटा प्रयोगही झाला. परक्या पेशींवर न्यूरेक्सिन ठेवले, तेव्हा समोरच्या मज्जापेशीत झेलणारी प्रथिने गोळा झाली. एकट्या प्रथिनाची भेट घडली आणि पलीकडे निम्मा सांधा उभा राहिला.

हे आपल्याला नीट कळावे म्हणून कर्जत स्थानक डोळ्यांपुढे आणा. बोरघाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना तेथे मागून इंजिने लावतात. इंजिन येऊन टेकले, हुक अडकला, की पाहणाऱ्याला वाटते काम झाले. पण गाडी इतक्यात हलत नाही. हवेच्या नळ्या जोडाव्या लागतात, ब्रेक तपासावे लागतात, इशारे द्यावे-घ्यावे लागतात. हुक नसेल तर पुढचे काही होणार नाही, हे खरे. पण नुसता हुक म्हणजे जोडलेली गाडी नव्हे. आसंजक प्रथिनाचे वैशिष्ट्य असे की ते हुकाचे काम करतेच, आणि नळ्या जोडणाऱ्यांना हाकही मारते. आपल्या आतल्या टोकाने ते पेशीतील इतर प्रथिनांना बोलावून जागेवर बसवते.

येथे एक शंका निघेल. हुकच काढून टाकला तर काय होईल? २००६ साली उंदरांतील तीन प्रमुख न्यूरोलिजिन एकाच वेळी नाहीशी करून पाहण्यात आली. ती पिल्ले जन्मल्यावर थोड्याच वेळात श्वास घेता न आल्यामुळे मेली. पण त्यांच्या मेंदूत पाहिले तर सांध्यांची संख्या जवळजवळ नेहमीइतकीच होती! सांधे दिसत होते, पण श्वासोच्छ्वास चालवणारा निरोप त्यांतून नीट जात नव्हता. यातून दोन गोष्टी समजल्या. एक, सांधा बांधायला एकच प्रथिन कारण नाही. अनेक जोड्या हे काम वाटून घेतात, आणि एक गेली तर दुसऱ्या सावरून धरतात. दुसरी, सांधा दिसणे आणि सांधा चालणे या निराळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच एखाद्या मुलाचे मेंदूचे छायाचित्र अगदी निर्दोष आले तरी त्याची अडचण खोटी ठरत नाही. छायाचित्रात फलाट दिसतो, हवेच्या नळ्या दिसत नाहीत.

हे सारे परदेशातले झाले, आपल्याकडचे काय, असे कोणी विचारील. मज्जातंतूंच्या सांध्याच्या अभ्यासात मुंबईचा वाटा लहान नाही. १९६२ साली होमी भाभांनी ओबेद सिद्दिकी यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सिद्दिकींनी पुढे फळमाशी हाती घेतली. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी जी बारीक चिलटे आपण हाताने वारतो, तीच ही माशी. त्यांनी अमेरिकेतील सीमूर बेंझर यांच्याबरोबर अशी माश्यांची वाणे निवडून काढली की जी तापमान वाढवताच लुळी पडतात. १९७६ साली त्यांनी ज्यांचे वर्णन प्रसिद्ध केले त्यांत एका वाणाचे नाव कोमाटोज, म्हणजे निपचित, असे होते. त्या माशीचा बिघाड एनएसएफ या प्रथिनात आहे, हे १९९५ साली कळले. सांध्यावरच्या थैल्यांची यंत्रणा पुन्हा पुन्हा कामाला सिद्ध ठेवण्यास हे प्रथिन लागते. तेच प्रथिन अमेरिकेत जेम्स रॉथमन यांनी स्वतंत्रपणे शोधले होते. २०१३ साली पेशींतील थैल्यांच्या वाहतुकीबद्दल रॉथमन, शेकमन आणि आपले न्यूरेक्सिनवाले झ्यूडहोफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कुलाब्यातील माशी आणि टेक्सासमधील कोळी अशा रीतीने एकाच सांध्यावर येऊन भेटले. मुंबईच्या त्याच संस्थेत व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीच्या वासाच्या नसा मेंदूत आपली जागा कशी गाठतात यावर पुष्कळ काम केले.

याच फळमाशीने आसंजक प्रथिनांची आणखी एक बाजू दाखवली. माशीच्या अळीत मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर फॅसिक्लिन-दोन नावाचे प्रथिन असते. १९९६ साली कॅलिफोर्नियात कोरी गुडमन यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की, हे प्रथिन मुळीच नसले तर सांधे जुळतात, पण टिकत नाहीत. तंतू माघार घेतो आणि अळी मरते. परंतु ते प्रथिन अजिबात नाहीसे न करता थोडे कमी केले, तर सांध्याला अधिक फुटवे येतात. म्हणजे पकड अगदी नसली तर सांधा सुटतो, आणि फार घट्ट असली तर वाढ होत नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये एरिक कँडेल यांच्या सहकाऱ्यांना समुद्री गोगलगायीत असेच दिसले होते. गोगलगायीला काही शिकवताना जे रसायन सुटते, ते मज्जापेशीला लावले की पेशी आपल्या पृष्ठभागावरची काही आसंजक प्रथिने आत ओढून घेते, पकड सैल करते, आणि मग नवे फुटवे फुटतात. शिकणे म्हणजे काही सांधे पक्के करणे आहे, तसेच काही ठिकाणी हात सैल करणेही आहे. साठी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांना यातला दुसरा भाग अधिक कठीण जातो!

माणसाच्या मुलाकडे वळू. १९७९ साली शिकागोतील हुटेनलोखर यांनी मेंदूच्या कपाळामागील भागातले सांधे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. एक ते दोन वर्षांच्या बालकात त्यांची दाटी प्रौढ माणसाच्या सुमारे दीडपट होती. पुढे पौगंडावस्थेपर्यंत ती कमी होत जाते. भाताच्या राबात रोपे दाट उगवतात आणि लावणीत त्यांना अंतर मिळते, तसेच हे आहे. फरक इतकाच की येथे कोणते सांधे राहतील हे बरेचसे वापरावर ठरते. ज्या सांध्यांतून निरोप वारंवार जातो ते पक्के होतात, जे पडून राहतात ते सुटतात. पहिल्या काही वर्षांत मुलाशी बोलणे, त्याला गाणे म्हणून दाखवणे, त्याच्यासमोर वस्तूंची नावे घेणे, यांचे मोल येथे आहे. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत; आणि ते कोणत्या बोलीत करावे, तर घरातल्या.

आता त्या खटल्याकडे येऊ. ज्या अवस्थेला ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतात, तिचे पद्धतशीर वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. त्यानंतरची दोन-अडीच दशके पाश्चात्त्य देशांतील मोठमोठे विद्वानही असेच सांगत होते की, थंड स्वभावाच्या, प्रेम न करणाऱ्या आईमुळे मूल असे होते. आपल्या वाडीतली एखादी म्हातारी आणि तिकडचे पंडित यांचा निकाल एकच होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९७७ साली इंग्लंडमध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला आणि या अवस्थेत आनुवंशिकतेचा मोठा भाग आहे असे दिसले. २००३ साली फ्रान्समधील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधील दोन कुटुंबे तपासली. दोन्हींत दोन-दोन भावांना ही अवस्था होती. एका कुटुंबात न्यूरोलिजिन-तीनच्या जनुकात आणि दुसऱ्यात न्यूरोलिजिन-चारच्या जनुकात बदल सापडला. पुढे न्यूरेक्सिनच्या जनुकातही असे बदल काही जणांत आढळले.

येथे आम्हांला मोजूनमापून बोलले पाहिजे. या दोन प्रथिनांतील बदल फार थोड्या मुलांत सापडतात. स्वमग्नतेशी संबंध असलेली जनुके शेकड्यांनी आहेत, आणि बहुतेक मुलांत कारण एका जनुकापुरते नसते. पण त्यांतील पुष्कळ जनुके या ना त्या प्रकारे सांध्याच्याच कामाची आहेत. साक्ष येथवर आली की निकाल देता येतो. सांध्यांची ही जुळणी पुष्कळशी गर्भातच सुरू झालेली असते; आईने किती वेळा पोराला जवळ घेतले किंवा ग्रहणात सुरी हातात धरली की नाही, यावर ती ठरत नाही. त्या बाईला आपण निर्दोष सोडले पाहिजे.

परंतु दोष नाही म्हणजे उपाय नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये. २०१२ साली एका प्रयोगात न्यूरोलिजिन-तीन नसलेल्या उंदरांना ते प्रथिन जन्मानंतर, वाढत्या वयात, परत मिळवून दिले, तेव्हा मेंदूतील काही सांध्यांचा बिघाड सुधारला. उंदरावरून माणसाला औषध मिळत नाही, आणि या प्रथिनांची गोळी आज कोणाकडेही नाही. जो कोणी बाजारात मेंदूचे सांधे जोडणारे टॉनिक विकत असेल त्याला आपल्या कमाईतला एक रुपयाही देऊ नका. पण सांधा जन्मानंतरही बदलू शकतो, आणि मुलाच्या पहिल्या वर्षांत तो सर्वांत अधिक बदलतो, एवढे यातून निश्चित कळते. म्हणून लवकर ओळखणे महत्त्वाचे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुले तपासतात, आणि वाढीतील विलंब हा त्यांच्या तपासणीचा भाग आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि शाळेतील प्रवेश हे त्या मुलाचे हक्क आहेत. अंगणवाडीताईंना आमची विनंती आहे की एक वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, बोट दाखवत नसेल, तर "होईल मोठेपणी" म्हणून सोडून देऊ नका. प्रथम कान तपासा आणि मग पुढे पाठवा.

त्याचबरोबर एक सावधगिरी सांगतो. कातकरी किंवा ठाकर घरातील एखादे मूल शाळेत आल्यावर गप्प बसते, कारण वर्गातील मराठी त्याच्या घरची बोली नसते. घरी आणि रानात ते चुरूचुरू बोलत असते. अशा मुलाच्या माथी आजाराचे नाव मारू नका. तेथे सांधा मुलाच्या मेंदूतला राहिलेला नाही. शाळेचा आणि त्या घराचा राहिलेला आहे, आणि तो जुळवणे मास्तरांच्या हातात आहे.

स्पंजाच्या पेशीपासून वाडीतल्या मुलापर्यंत आपण आलो. मेंदूच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी हात लागतो. एकाच बाजूने तो जुळत नाही. मुलाचा हात पुढे येण्यास उशीर लागत असेल, तर आपल्या बाजूचा हात अधिक काळ पुढे धरून ठेवणे आपल्याला शक्य आहे. उद्या आपल्या आळीत तो निवाडा पुन्हा भरला, तर आज ऐकलेली साक्ष आपण तेथे द्यावी, इतकीच आमची अपेक्षा आहे.